देवाचं वचन आणि समोरचा डोंगर: घरसभेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनासभा असते. खानापूर तालुक्यातलं गाव, पंधरा-वीस माणसं, आषाढात पाऊस लागला की त्यातली निम्मी. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली बाई. पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही, बायबल वर्ग घेते इतकंच. संकटाच्या वेळी देवाच्या वचनावर भरवसा कसा ठेवायचा, यावर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं लिहून काढली. पाळकसाहेबांनी एकदा नजर घातली आहे. एका ठिकाणी त्यांचं नि माझं जमलं नाही, तिथे मी माझंच ठेवलं आहे.

31 डिसेंबरच्या वॉचनाइटला, म्हणजे सरत्या वर्षाच्या रात्रीच्या उपासनेत, येत्या वर्षासाठी मी वचनाची चिठ्ठी उचलली. वर्ष सरत आलं, तसं काहीच घडलं नाही. माझं काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही. चुकलं असेल तर माझं. दहा-बारा वर्षं त्या चिठ्ठ्या मीच कापते. नाताळच्या आठवड्यात रंगीत कार्डशीट आणायचं, पट्ट्या पाडायच्या, एकेका पट्टीवर बायबलमधली एकेक ओवी लिहायची, सुरळी करून दोरा बांधायचा. आता ओव्या निवडताना हात कुठे जातो बघा. अनुवाद 28:13, ‘तुला मस्तक करील, पुच्छ नव्हे’, ही लगेच उचलली जाते. ती आज्ञा पाळण्याच्या अटीवर आहे, ती अट पट्टीवर मावत नाही. योहान 16:33 मधलं ‘धीर धरा, मी जगाला जिंकलं आहे’ हेही घेतलं जातं. त्याच ओवीत त्याच्या आधी ‘जगात तुम्हाला क्लेश होतील’ असं येशूनं म्हटलंय, ते मी किती वर्षं कापून टाकत आले. नव्या वर्षाच्या पहिल्या रात्री कुणाच्या हातात क्लेश द्यायचे, असं वाटायचं.

म्हणजे तुमच्या हातात आली ती अर्धी ओवी. चिठ्ठी उचलायला माझी हरकत नाही, मीही उचलते. घरी आल्यावर तो अख्खा अध्याय वाचा, एवढंच. बहुतेक वेळा घोळ तिथेच सुटतो.

पण बायबलमधलं कुठलं वचन माझ्यासाठी आहे आणि कुठलं नाही, हे ओळखायचं कसं?

आधी विचारायचं: हे कोण कुणाला म्हणतंय? हिज्कीया राजाला देवानं पंधरा वर्षांचं आयुष्य वाढवून दिलं (2 राजे 20). ते हिज्कीयाचं. आपल्या आजारी माणसाच्या उशाशी बसून ती ओवी दाखवत ‘देवा, पंधरा वर्षं’ म्हणणं म्हणजे शेजारच्याच्या सातबाऱ्यावर कर्ज मागणं. मागायला हरकत नाही, मागा की. खरं ते आपल्याला कबूल केलेलं होतं असं समजू नका. (आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याच्या वाचकांसाठी सांगितलं.)

उलट यहोशवाला दिलेला शब्द बघा: ‘मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही.’ तोही एकाच माणसाला, यार्देन ओलांडायच्या आधी दिलेला. पण इब्री लोकांस पत्राच्या 13 व्या अध्यायात लेखक तोच शब्द साध्या विश्वासणाऱ्यांपुढे ठेवतो, तोही पैशाच्या लोभाबद्दल बोलताना. म्हणजे हा सातबारा सामाईक. 2 करिंथ 1:20 मध्ये पौल म्हणतो की देवाची वचनं जितकी आहेत, तितक्यांना ख्रिस्तामध्ये ‘होय’ आहे. एखादं वचन ख्रिस्ताच्या वाटेनं माझ्यापर्यंत येतं का, हे बघायचं.

आणि ओवी बरोबर असली तरी वापर चुकू शकतो. मत्तय 4 मध्ये मंदिराच्या टोकावर स्तोत्र 91 कुणी म्हणून दाखवलं? सैतानानं.

यिर्मया 29:11 आमच्या भिंतीवर फ्रेम करून लावलंय, ‘हिताचे संकल्प’. पण आमच्या घरात हित कधी येणार?

ही फ्रेम आमच्या भागात घरोघरी आहे. माझ्याकडेही होती. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ हिच्याच भोवती आहे.

ते एक पत्र आहे. यिर्मयानं यरुशलेमेहून, बाबेलात (बॅबिलोनात) कैदी म्हणून नेलेल्या लोकांना पाठवलेलं. परकी भाषा, परका राजा, उद्या परत जाऊ म्हणून गाठोडी न सोडलेले लोक. त्याच सुमारास हनन्या नावाचा एक संदेष्टा भर मंदिरात सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत येईल (28 वा अध्याय). लोकांना काय आवडलं असेल, सांगायला नको. आणि यिर्मयाचं पत्र काय म्हणतं? घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. लेकरांची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी झटा, त्यासाठी प्रार्थना करा. मग 10 व्या ओवीत: सत्तर वर्षं. त्यानंतर 11 वी, आपल्या फ्रेमवाली.

सत्तर वर्षं. पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला सरळ अर्थ कळला असेल, की परत जाणारा मी नव्हे, माझा नातू. तरीही ते हिताचंच वचन होतं.

वाट बघणं म्हणजे काय, हे सीमाभागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. 1956 च्या 1 नोव्हेंबरला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा माझे वडील तरुण होते. 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. मी इथे राजकारण लिहीत नाही, आणि आपल्या जिल्ह्याचा प्रश्न यिर्मयात शोधणंही बरोबर नाही. तो शब्द इस्राएलाला होता. पण गाठोडं न सोडता जगणं आम्ही घरात पाहिलंय. वडिलांनी परड्यात फणस लावला नाही, ‘इथे किती दिवस राहायचंय’ म्हणून. आईनं लावला. आज त्याचे गरे आम्ही खातो. यिर्मयाचं पत्र वाचताना मला दर वेळी ते झाड दिसतं.

तुमचं हित कधी येणार, हे मला ठाऊक नाही. तोवर मुलीची फी भरा, गळतं कौल बदला. हेही त्या पत्रातच आहे.

2019 च्या पुरात आमचं घर पडलं. ‘नद्यांतून जाशील तेव्हा त्या तुला बुडवणार नाहीत’ या वचनाचं मग काय?

निपाणीकडच्या एका बहिणीनं हे विचारलं, आणि मला दोन आठवडे उत्तर सुचलं नाही. त्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदमच चढल्या. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं. पाणी ओसरल्यावर आम्ही काही बायका भांडी-कपडे घेऊन गेलो. तिच्या मातीच्या भिंती बसल्या होत्या. चौकट मात्र उभी, कडी लावलेली. तिनं सवयीनं कडी काढली, मग आत पाऊल टाकलं. आत म्हणजे बाहेरच.

यशया 43:2 मध्ये ‘पाणी येणार नाही’ असं नाही. ‘तू जलातून चालशील तेव्हा’ असं आहे. त्या ‘तेव्हा’वर मी पूर्वी कधी थांबले नव्हते. ते वचनही हद्दपार लोकांना दिलेलं. त्यांचं घर, मंदिर, शहर आधीच जळून गेलेलं. त्यांना सांगितलंय, मी तुझ्याबरोबर असेन. भिंतीची हमी त्यात नाही.

हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘बाई, भिंतीची हमी असती तर बरं झालं असतं.’ मी म्हटलं, होय. दोघींनी मिळून चिखल काढला.

‘परिस्थिती कठीण आहे’ असं म्हणणं म्हणजे अविश्वास का? आमचा एक भाऊ म्हणतो, तोंडातून नकारात्मक बोलायचंच नाही.

गणना 13 उघडा. मोशेनं पाठवलेले बारा हेर चाळीस दिवस कनान देश बघून आले. एक द्राक्षांचा घोस दोघांनी काठीवर टांगून आणला. अथणीकडचा कितीही चांगला बागायतदार असो, असा घोस त्यानं पाहिला नसेल. दहा जणांनी सांगितलं: नगरं तटबंदीची, माणसं धिप्पाड, अनाकाचे वंशज, म्हणजे राक्षसच, तिथे आहेत. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. बारांतल्याच कालेबानंही ‘राक्षस नाहीत’ असं म्हटलेलं नाही. दहा जण चुकले ते पुढच्या वाक्यात: आम्ही आमच्याच नजरेत टोळांसारखे होतो. राक्षस मोजले, स्वतःला मोजलं, आणि मिसरातून ज्यानं आणलं त्याला मोजायचं राहून गेलं.

रोम 4 मध्ये अब्राहामाचंही तसंच आहे. शंभरीला आलेलं आपलं शरीर आणि सारेचं वय त्यानं नीट पाहिलं. डोळे मिटून घेतले नाहीत. त्यामुळे त्या भावाला सांगा: डॉक्टरचा रिपोर्ट मोठ्यानं वाचण्यानं विश्वास जात नाही.

कालेबाचं पुढचं मला फार आवडतं. चाळिशीत दिलेला शब्द, पंचेचाळीस वर्षं हुकलेला, तोही स्वतःच्या चुकीनं नव्हे, इतरांच्या भीतीनं. पंच्याऐंशीव्या वर्षी तो यहोशवाकडे येऊन म्हणतो, तो डोंगराळ मुलूख मला दे, जिथे अनाकी आहेत तोच. सपाट जमीन मागितली नाही म्हाताऱ्यानं.

औषध घेतलं तर देवावरचा भरवसा कमी पडतो का?

नाही. हिज्कीयाला देवानं ‘तू बरा होशील’ म्हटल्यावरही यशयानं त्याच्या गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. वचन आधी मिळालं, लेप नंतर लागला. एका बाहेरच्या प्रचारकाच्या सांगण्यावरून शुगरच्या गोळ्या बंद केलेली बाई मी पाहिली आहे. तिचा पाय कापावा लागला. या प्रश्नावर मी चर्चा करत नाही. गोळी घ्या, मग प्रार्थनेला बसा.

संघाचं (बचतगटाचं) कर्ज, सोन्याचं कर्ज, आठवड्याचा हप्ता. वसुलीवाला दारात उभा असताना ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ म्हणायचं तरी कसं?

म्हणा, आणि 2 राजे 4 वाचा. संदेष्ट्यांपैकी एकाची विधवा, सावकार दोन पोरांना दास म्हणून न्यायला आलेला. अलीशा तिला विचारतो, घरात काय आहे? एक तेलाची कुपी. मग सांगतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आण, थोडकी नको. दार लावून ओत. तेल भरलं, आणि पुढे? ‘तेल विकून कर्ज फेड, उरेल त्यावर जग.’

तीन गोष्टी मी बायकांना दाखवते. एक, तिनं कर्ज लपवलं नाही, देवाच्या माणसापुढे मोठ्यानं सांगितलं. आपल्याकडे नवऱ्यापासूनही लपवतात, आणि दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून पहिलीचं भरतात. दोन, शेजारणींच्या भांड्यांशिवाय चमत्कार झाला नसता. तीन, कर्ज माफ झालं नाही, फिटलं.

आणखी एक, शास्त्राबाहेरचं. 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं छोट्या कर्जाच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. कुणी दारात येऊन शिवीगाळ, धमकी करत असेल तर पोलिसांत जा. एकटी जाऊ नका, दोघी-तिघी जा. संडेस्कूलच्या शिक्षिकेला बरोबर न्या, ती घाबरत नाही.

‘बी पेरा, शंभरपट मिळेल’ असं मोठ्या सभेत सांगतात. द्यावं का?

मंडळीच्या कामाला द्या, विधवेला द्या. परतावा मिळेल म्हणून देत असाल तर पतसंस्थेत ठेवा, तिथे पावती तरी मिळते.

बाप्तिस्मा घेतल्यापासून भावकीनं बोलणं टाकलंय. गावात आडून बोलतात. देव याबद्दल काय म्हणतो?

बाबा पदमनजी बेळगावचेच, 1831 सालचे. 1854 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे सगळा जन्म मराठीत लिहिण्यात घालवला. म्हणजे हा प्रश्न आपल्या मातीत दीडशे वर्षांहून जुना आहे.

‘शंभरपट’ची ओवी मार्क 10:30 ची. जो माझ्याकरता घर, भाऊ, बहिणी सोडतो त्याला शंभरपट घरं, भाऊ, बहिणी मिळतील, ‘छळणुकीबरोबर’. हा शेवटचा शब्द चिठ्ठीवर कधीच येत नाही, आणि वरच्या प्रश्नातल्या मोठ्या सभेतही ऐकू आलेला नाही. पण शंभरपट भाऊ-बहिणींचा अर्थ आम्ही अनुभवलाय. भावकीनं मयताला खांदा दिला नाही, तेव्हा चार गावांतून माणसं आली.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. 2021 च्या डिसेंबरात धर्मांतराविरुद्धचं विधेयक कर्नाटक विधानसभेत मंजूर झालं ते इथल्याच, बेळगावच्या सुवर्णसौध या विधानभवनात. त्या दिवसांत घरसभेला येणारे चपला दाराशी न काढता पिशवीत घालून आत आणायचे. 2023 साली नव्या मंत्रिमंडळानं तो कायदा मागे घ्यायचं ठरवलं, तेव्हा चपला परत बाहेर आल्या. सगळ्यांच्या नाही. भावकीशी भांडू नका. सणाला त्यांच्या दारात जा, शेव-चिवडा घेतला नाही तरी पाणी प्या, म्हातारीची विचारपूस करा. जबाब द्यायची वेळ आली तर 1 पेत्र 3:15 म्हणतं तसा, सौम्यतेनं.

आम्ही उपास केला, साखळी प्रार्थना केली, तेल लावलं. तरी माणूस गेलं. विश्वास कमी पडला का?

माझे यजमान किडनीच्या आजारात गेले. एकवीस दिवस मंडळीनं आळीपाळीनं रात्री जागवल्या. ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी एकजण ओट्यावर बसून म्हणाले, ‘बाई, कुठेतरी विश्वास कमी पडला असणार.’ मी त्यांच्यासाठी चहा ठेवला होता, तो उतू गेला. मी तो परत ठेवला नाही.

प्रेषितांची कृत्ये, 12 वा अध्याय. सुरुवातीलाच हेरोदानं याकोबाला तलवारीनं मारलं. पुढच्याच ओव्यांत पेत्र तुरुंगात, आणि देवदूत येऊन त्याच्या बेड्या पाडतो. एकच मंडळी, एकच राजा. याकोबासाठी कुणी प्रार्थना केली नसेल का? इब्री 11 मध्येही 34 व्या ओवीत तलवारीच्या धारेतून सुटलेले आहेत आणि 37 व्या ओवीत तलवारीनं मारलेले, आणि दोघांनाही एकाच विश्वासाची साक्ष आहे. लेखकानं त्यांच्यात मार्कांचा फरक केलेला नाही.

पंडिता रमाबाईंची लेक मनोरमा 1921 साली गेली. मुक्ती मिशनची पुढची जबाबदारी जिच्यावर टाकायची, तीच. बाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत, एप्रिल 1922 मध्ये गेल्या. मधल्या महिन्यांतही बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी हातातून सोडलं नाही. त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

पाळकसाहेबांशी माझं जमलं नाही ते इथे. ते म्हणतात, देवाचा काही उद्देश असतो, तो नंतर कळतो. असेल. मला अजून कळलेला नाही, आणि कळल्याशिवाय मी कुणाला सांगणार नाही.

देवावर राग येतो. प्रार्थनेत तसं बोललं तर चालतं का?

स्तोत्र 13 ‘किती काळ?’ असं चार वेळा विचारतं. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. एलीया झुडपाखाली बसून ‘मला मरण दे’ म्हणाला, तर देवानं उपदेश केला नाही. देवदूतानं उठवून निखाऱ्यावरची भाकर खायला दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं. मार्क 9:24 मधला बाप म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. त्याच्या पोराला येशूनं बरं केलं, आधी विश्वास पक्का करून ये म्हटलं नाही.

चालतं. फक्त देवाबद्दल बाहेर बोलत बसू नका, त्याच्याशीच बोला.

पोरं कन्नड शाळेत जातात, कन्नड बायबल वाचतात. आमची मराठी वचनं त्यांना कशी समजायची?

त्यांच्या भाषेतली तुम्ही समजून घ्या, फायदा तुमचाच. आपण ‘अभिवचन’ म्हणतो, कन्नड मंडळी ‘वाग्दान’ म्हणते. सुरुवातीला कन्नड उपासनेत ‘देवर वाग्दान’ ऐकलं की मला वाटायचं, कुणाचं लग्न ठरलं? मराठीत वाग्दान म्हणजे मुलगी देण्याचा शब्द. मग होशेय 2 वाचताना लक्षात आलं की देवही तिथे तीच भाषा बोलतो, मी तुला कायमची वाग्दत्त करीन.

तेव्हापासून मला ‘अभिवचन’ कागदी वाटतं. पूर्वी लग्न ठरलं की सुपारी फुटायची, शब्द दिला जायचा, आणि मग ज्वारीची सुगी होईपर्यंत मुलगी माहेरीच. तिच्या हातात पावती नसायची. शब्द देणारा माणूस कसा आहे, एवढंच घरात पुन्हा पुन्हा बोललं जायचं. कुणी त्या बाजूच्या गावाहून आलं की आई विचारायची, कसा आहे हो मुलगा?

तुमची यंदाची चिठ्ठी कुठली?

यंदा अंधारात मी कन्नड टोपलीत हात घातला. चष्मा घरी. नातवाला वाचायला दिली. तो म्हणाला, ‘हेदरबेड, आज्जी. भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे. यशया 41:10.’ मग सुरळी उलटी करून बघितली आणि विचारलं, ‘खरं हे कुणाला म्हटलंय?’

दुसऱ्या दिवसापासून दोघं 41 वा अध्याय पहिल्या ओवीपासून वाचायला बसलो, तो कन्नडमधून, मी मराठीतून. अजून आठवीवरच आहोत. तिथे ‘हे इस्राएला, माझ्या सेवका’ आहे, आणि त्याला इस्राएल म्हणजे कोण हे पहिल्यापासून सांगावं लागतंय.